मानेवरचे ओझे : मानदुखी का होते आणि आपण काय करू शकतो

"मान धरली", "मान आखडली", "मणक्यात गॅप आलाय", "शीर दबलीय". ही वाक्ये आपल्या घरात, वस्तीत, अभ्यासिकेत आणि कामाच्या ठिकाणी रोज कानावर पडतात. पूर्वी मानदुखी हे पन्नाशीनंतरचे दुखणे समजले जाई. आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विशी-बाविशीची मुले-मुलीही रात्री मानेला बाम चोळून झोपतात. तरीही आपल्या आरोग्य शिबिरांत साखर तपासली जाते, रक्तदाब तपासला जातो, रक्तदान होते, पण मानेबद्दल कोणी बोलत नाही. कारण साधे आहे. मानदुखीने सहसा माणूस दगावत नाही. मात्र मजुरी बुडते, अभ्यास बुडतो, झोप जाते आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर दिवस ढकलण्याची सवय लागते.

हा प्रश्न छोटा नाही. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्य करणारी माणसे आहोत. म्हणून या लेखात औषधांची यादी नाही. मान कशी काम करते, ती का दुखते, कोणाची जास्त दुखते, घरी काय करता येते आणि दवाखाना कधी गाठायचा, एवढे आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना नीट समजावे, हा हेतू आहे.

मानेची रचना समजून घेऊ

आपल्या मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते (वरचे दोन मणके याला अपवाद आहेत). मणक्यांच्या पोकळीतून मेंदूकडून येणारा मज्जारज्जू खाली जातो आणि दोन्ही बाजूंनी नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी वरच्या नसा डोके-मानेकडे, तर खालच्या नसा खांदा, हात आणि बोटांकडे जातात. म्हणूनच बिघाड मानेत असला तरी मुंग्या बोटांना येऊ शकतात. या सगळ्याभोवती स्नायूंचे थर असतात. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. ते दिवसभर तोलून धरण्याचे काम हे स्नायू करतात.

पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बरेच अंतर चालता येते. तीच कळशी हात पुढे लांब करून धरली तर मिनिटभरात हात थरथरतो. कळशीचे वजन तेवढेच असते, फक्त ती शरीरापासून दूर गेलेली असते. डोके पुढे झुकले की मानेचे हेच होते. न्यूयॉर्कमधील शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली एका गणिती प्रारूपावरून हिशेब मांडला. डोके ६० अंश खाली झुकवले तर मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोइतका भार येतो, असे त्यांचे गणित सांगते. मोबाइल आणि मान यांवरच्या बातम्यांमध्ये हा आकडा नेहमी असतो.

पण या आकड्याला घाबरून जाऊ नये. ते गणित आहे, रुग्णांची तपासणी नव्हे. मान खाली घालणे हा रोग नाही. मान वळण्यासाठी आणि वाकण्यासाठीच बनलेली आहे. खाली पाहणाऱ्या प्रत्येकाची मान दुखत नाही. त्रास सुरू होतो तो तासन्‌तास एकाच स्थितीत राहिल्याने, स्नायूंना ताकद नसताना भार टाकल्याने, अपुऱ्या झोपेने आणि मनावरच्या ताणाने. यातील बरीच कारणे आपल्या हातात आहेत, काही नाहीत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दुखते तेव्हा आत काय होत असते?

बहुतेक वेळा दुखणे स्नायूंचे असते. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळत नाही, खांद्यापर्यंत ठणकते, मागून डोके दुखते. याला आपण मान अवघडणे म्हणतो. ही मानदुखी बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते. काहींची मात्र पुन्हा पुन्हा उद्भवते.

दुसरा प्रकार मणक्यांच्या झिजेचा. यालाच डॉक्टर स्पॉन्डिलोसिस म्हणतात आणि आपल्याकडे लोक "गॅप आलाय" म्हणतात. हा शब्द फार घाबरवणारा आहे. माणसाला वाटते की मणके सुटे झाले, आता आयुष्यभर पट्टा लावावा लागणार. प्रत्यक्षात बहुधा उलटे असते. वयानुसार चकतीतील पाणी कमी होते आणि मणक्यांमधले अंतर कमी होते. केस पांढरे होतात तशी ही झीज असते. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतील ८७ टक्क्यांहून अधिक लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा की एमआरआयच्या रिपोर्टमध्ये चकती फुगलेली दिसली म्हणजे तेच दुखण्याचे कारण असेल असे नाही. रिपोर्ट आणि लक्षणे जुळली पाहिजेत. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये घालून एमआरआय काढण्याची गरज सहसा नसते.

तिसरा प्रकार नस दबण्याचा. चकती सरकली किंवा हाड वाढले तर नसेवर दाब येतो. मग मानेपासून खांदा, दंड, बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, कधी पकड सैल होते. काहींना दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. पण यातही बरेच लोक शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित. यात दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवरच येतो. यात मान फार दुखेलच असे नाही. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, अक्षर बिघडते, भाताचा घास नीट उचलता येत नाही, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटते. घरचे म्हणतात वय झाले. पण असे दिसले तर अजिबात वेळ घालवू नये.

कोणाची मान जास्त दुखते?

इथे वैद्यकशास्त्राच्या सोबत समाजशास्त्रही लागते. बहुतेक लेखांत मानदुखी म्हणजे एसी ऑफिसात लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा आजार असे चित्र असते. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा वेगळे चित्र दिसते.

बांधकामावर घमेले वाहणारी बाई, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा ऊसतोड मजूर, मार्केट यार्डातला हमाल, दिवसभर वाकून कचरा वेचणारी आणि संध्याकाळी डोक्यावर बोचके घेऊन परतणारी कष्टकरी बाई, यांची मान आधी आठवायला हवी. आपल्या भाषेत 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला आहे. ओझे माथ्यावर, म्हणजे भार थेट मानेच्या मणक्यांवर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायचे वजन ५५ किलोपेक्षा जास्त नसावे आणि स्त्रियांसाठी ते याहून बरेच कमी असावे. आपल्याकडे सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते आणि दिवसभरात अशा किती गोण्या उचलल्या याचा हिशेब फक्त मजुरीसाठी ठेवला जातो.

कोणाच्या डोक्यावर काय ठेवायचे हे या देशात केवळ ताकदीवर ठरले नाही, ते जातीवर ठरले. महारकी आणि वेठबिगारीत गावाची ओझी, सरकारी माणसांचे सामान, लाकूडफाटा आणि मेलेली जनावरे आपल्या पूर्वजांनी वाहिली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या राबवून घेण्याच्या व्यवस्थेविरुद्ध. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालण्यासाठी स्वतंत्र भारतात १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले. मानदुखीचा विचार करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. काही समाजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या ओझे आले आणि त्या ओझ्याने झिजलेल्या शरीराची नोंद कुठल्याच दवाखान्यात झाली नाही.

दुसरा मोठा गट आपल्या विद्यार्थ्यांचा. अभ्यासिकेतील प्लास्टिकची खुर्ची, कमी उंचीचे टेबल, दहा-बारा तास खाली पाहून वाचन, मधल्या वेळेत विरंगुळा म्हणून पुन्हा मोबाइल. घरी टेबल नसेल तर पलंगावर किंवा जमिनीवर पोटावर पालथे पडून वाचन. त्यात निकालाचा, वयाच्या अटीचा, घरच्या परिस्थितीचा ताण. ताण आला की माणूस नकळत खांदे वर उचलून धरतो, दात आवळतो, झोप तुटते. मानसिक ताण, कामातील असुरक्षितता आणि अपुरी झोप यांचा मानदुखीशी संबंध संशोधनातही आढळतो. ऑफिसात आडनाव विचारले जाते, आरक्षणावरून टोमणे बसतात, तेव्हा त्याचा ताण फक्त मनावर राहत नाही.

तिसरा गट दुचाकीवर पाठीला मोठी बॅग लावून दिवसभर फिरणारे डिलिव्हरीचे तरुण. चौथा गट शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, डेटा एन्ट्री करणाऱ्यांचा. आणि पाचवा गट आपण कार्यकर्ते. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलची तयारी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. टेम्पोत किंवा जनरल डब्यात बसून रात्रभर प्रवास, बसल्या जागी मान एका बाजूला टाकून झोप, पुस्तकांचे गठ्ठे उचलणे, स्टॉलवर चौदा तास उभे राहणे आणि रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बॅनर तयार करणे. चळवळीसाठी आपण हे आनंदाने करतो. पण चौथ्या दिवशी मान वळत नाही तेव्हा ते कोणाला सांगत नाही.

ही लक्षणे असतील तर घरी थांबू नका

पुढीलपैकी काहीही असेल तर व्यायाम, शेक, मालिश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

१. अपघातानंतर, झाडावरून, परातीवरून किंवा जिन्यावरून पडल्यानंतर मान दुखू लागली असेल. अशा माणसाची मान हलवू नये, त्याला उठवून बसवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२. ताप, तीव्र डोकेदुखी आणि हनुवटी छातीला लागणार नाही इतकी ताठरलेली मान. हा मेंदूज्वर असू शकतो.

३. मानेसोबत छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम लागणे. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. "गॅस असेल" म्हणून वाट पाहू नये.

४. अचानक सुरू झालेली वेगळीच तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे, चेहरा वाकडा होणे. ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात.

५. हातापायात वाढत जाणारी कमजोरी, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे.

६. आठवडेच्या आठवडे रात्रीही न थांबणारे दुखणे, सोबत वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झालेला असणे. क्षयरोग फक्त फुप्फुसाला होतो असे नाही, मणक्यालाही होतो. दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये हे विशेष लक्षात ठेवावे. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू केले तर आजार बरा होतो.

साधी मानदुखी असेल तर काय करावे?

पहिली गोष्ट, पूर्ण अंथरूण धरू नये. दोन-तीन दिवस जड काम टाळावे, पण मान हळूहळू हलवत राहावी. पूर्ण विश्रांतीने स्नायू आणखी आखडतात. मानेचा पट्टा स्वतःहून विकत आणून महिनोन्‌महिने लावणेही बरे नाही, कारण काम नसलेले स्नायू कमजोर होतात.

शेक घ्यावा. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या माणसाने भाजणार नाही याची काळजी घ्यावी.

गोळ्यांबद्दल सावध राहावे. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी आणि रोज घेतल्या तर जठराला जखम करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मजुरासाठी हा धोका जास्त आहे. दोन-चार दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल, गरोदरपण असेल, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

झोपताना उशी इतकीच असावी की मान शरीराच्या रेषेत राहील. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतकी जाड उशी लागते, पाठीवर झोपणाऱ्याला पातळ पुरते. पोटावर झोपल्यास मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, ते टाळावे. मान अवघडली की उशी उन्हात टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ऊन उशीला दिल्याने मान सुटत नाही, मात्र कापूस बसून गोळे झालेली उशी नक्की बदलावी.

दुखणे थोडे उतरले की पुढील पाच व्यायाम दिवसातून दोनदा करावेत. त्यांना दहा मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.

एक, सरळ बसून मान सावकाश उजवीकडे वळवावी, पाच सेकंद थांबावे, मग डावीकडे. पाच ते दहा वेळा.

दोन, खांदा वर न उचलता कान खांद्याकडे न्यावा. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा.

तीन, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढावी, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेल अशी. डोके वर-खाली होऊ देऊ नये. पाच सेकंद, दहा वेळा.

चार, दोन्ही खांद्यांची मागची पाती एकमेकांजवळ आणावीत आणि सोडावीत. दहा वेळा.

पाच, तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला हलका दाब द्यावा, पण डोके हलू देऊ नये. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. प्रत्येकी पाच सेकंद, पाच वेळा.

व्यायामात ताण जाणवला तर चालेल. पण हातात कळ गेली, मुंग्या वाढल्या किंवा चक्कर आली तर थांबावे. मान जोरात गोल-गोल फिरवू नये. रोजचे अर्धा तास चालणेही मानेला मदत करते. यातूनही चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. कामगार विमा योजनेत नाव असेल तर त्या रुग्णालयात जावे. शस्त्रक्रिया खरोखर सुचवली गेली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

हे करू नका

सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेणे अनेकांना आवडते. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्याने मान पिरगाळल्यास क्वचित त्यांच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते, गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. धोका क्वचितचा असला तरी तो घेण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी न्हाव्याला प्रेमाने सांगावे, दादा, मान नको.

उसण भरली, मान धरली की पायाळू माणसाकडून लाथ लावून घेण्याची किंवा मंत्र-उतारा करण्याची पद्धत अजून टिकून आहे. साधी मानदुखी आपोआप काही दिवसांत कमी होते आणि श्रेय लाथेला मिळते. धम्म स्वीकारताना आपण कार्यकारणभाव स्वीकारला आहे. पडलेल्या किंवा नस दबलेल्या माणसाला लाथ लावली तर काय होईल, याचा विचार करावा. तसेच रस्त्याकडेला "मणका बसवून देणारे", पदवीची खात्री नसताना मानेत इंजेक्शन देणारे आणि "गॅप भरून काढणारे" तेल विकणारे यांच्यापासून दूर राहावे.

बुद्धांचीही पाठ दुखत होती

आपल्याकडे कार्यकर्ता म्हणजे न थकणारा, न दुखणारा माणूस अशी एक कल्पना रुजली आहे. दुखणे सांगणे कमीपणाचे वाटते. अशा वेळी मज्झिम निकायातील सेख सुत्त आठवावे. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात तथागत रात्री उशिरापर्यंत उपदेश करतात. मग पाठ दुखत असल्याचे सांगून ते पुढचा उपदेश आनंदांना करायला सांगतात आणि स्वतः उजव्या कुशीवर पहुडतात. दीघ निकायातील संगीति सुत्तातही अशीच घटना आहे, तिथे जबाबदारी सारिपुत्तांकडे जाते. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दुखते हे सर्वांसमोर सांगितले गेले, आणि काम न थांबवता दुसऱ्याकडे सोपवले गेले. आपल्या मंडळात एकाच माणसावर सगळी जबाबदारी असते, तिथे हा धडा फार गरजेचा आहे.

सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चार इरियापथांबद्दल सजग राहायला सांगितले आहे. मानदुखीसाठी याहून उपयोगी सवय नाही. वाचताना अर्ध्या तासाने स्वतःला विचारावे, माझे खांदे कुठे आहेत? हनुवटी कुठे आहे? किती वेळ मी असाच बसलो आहे? आणि स्थिती बदलावी. छाती ताणून पुतळ्यासारखे ताठ बसणे हा उपाय नाही, तेही तासभर केले तर दुखते. ध्यानाला बसतानाही हेच. मान दुखत असेल तर भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसावे. पंचांग प्रणाम करताना मानेला कळ येत असेल तर हात जोडून वंदन करावे. त्याने श्रद्धा कमी होत नाही.

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शारीरिक वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवरून मनाने करून घेतलेल्या दुःखाचा. "आता माझे काही खरे नाही, मणका गेला, नोकरी जाणार" ही भीती दुखणे वाढवते आणि माणूस हालचाल बंद करतो, हे आजचे वेदनाशास्त्रही सांगते. पण या दृष्टान्ताचा चुकीचा अर्थ काढू नये. दुसरा बाण मनाचा असला तरी पहिला बाण खरा आहे. पन्नास किलोची गोणी वाहणाऱ्याला "सकारात्मक विचार करा" म्हणणे म्हणजे पहिला बाण मारणाऱ्याला मोकळे सोडणे आहे.

एकट्याने नाही, सर्वांनी मिळून

व्यायाम ज्याचे त्यालाच करायचे आहेत. पण टेबलाची उंची, गोणीचे वजन आणि कामाचे तास एकटा माणूस बदलू शकत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा आणि कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रश्न हाती घेतला. कामगाराच्या शरीराची जबाबदारी एकट्या कामगाराची नाही, हा विचार त्यामागे आहे. त्या विचाराने आपापल्या विहारात आणि मंडळात पुढील गोष्टी सुरू करता येतील.

अभ्यासिकेत टेबल-खुर्चीची उंची तपासावी. पाय जमिनीला टेकावेत, कोपर टेबलावर सहज यावेत. पुस्तक तिरके ठेवण्यासाठी लाकडी स्टँड बनवून घ्यावेत, नाहीतर चार जाड पुस्तकांवर फळी टेकवली तरी चालते. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीला येईल असा उंच करावा आणि वेगळा कीबोर्ड वापरावा. दर तासाला दोन मिनिटांची घंटा ठेवावी आणि सर्वांनी उठून मान-खांदे हलवावेत. एकट्याला लाज वाटते, सर्वांनी केले की सवय लागते.

रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा दहा मिनिटे वरचे पाच व्यायाम शिकवावेत. आपल्या समाजातून आता अनेक मुले-मुली फिजिओथेरपी शिकत आहेत, त्यांना बोलवावे. जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबासोबत मान, पाठ आणि गुडघ्यांची तपासणी ठेवावी आणि माथाडी, बांधकाम, घरकाम करणाऱ्यांसाठी ती संध्याकाळी ठेवावी, कारण दिवसा ती माणसे येऊ शकत नाहीत.

ओझे वाहणाऱ्यांसाठी चुंबळ जाड आणि घट्ट असावी, गोणी दोघांनी मिळून डोक्यावर चढवावी, एका फेरीचे ओझे दोन फेऱ्यांत विभागता येते का ते पाहावे, शक्य तिथे हातगाडी लावावी. हे सांगणे सोपे आहे, मिळवणे कठीण. म्हणून नोंदणी महत्त्वाची. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आणि मंडळे आहेत, बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. आपल्या वस्तीतील किती जणांची नोंदणी आहे याची यादी करणे हे कार्यकर्त्यांचे एका महिन्याचे काम आहे. नोंदणी नसेल तर उद्या मान कायमची अधू झाली तरी हक्क मागायला कागद नसतो.

आणि घरात पाहावे. दिवसभर घमेले वाहून आलेली आई संध्याकाळी पुन्हा हंडा उचलते, वाकून भाकरी थापते, भांडी घासते. तिला "मान दुखते" म्हणायला वेळ नसतो. समतेची चर्चा करणाऱ्या घरात हंडा मुलाने उचलला, तर एका मानेचा भार त्याच दिवशी कमी होतो.

कधीकाळी आपल्या माणसांना मान वर करून चालण्याची परवानगी नव्हती. बाबासाहेबांनी ती मान वर केली. आता ती निरोगी ठेवणे आपले काम आहे. आजच्या वंदनेनंतर शेजारी बसलेल्याला विचारा, तुझी मान दुखते का? बहुतेक वेळा उत्तर हो असेल. तिथून सुरुवात करू.

जय भीम. नमो बुद्धाय.